कोंबडीची पावडर मापानंच द्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या. आम्ही ताण कमी करणारी पावडर आणली आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट टाकली. दुसऱ्या दिवशी पिल्लं पाण्यासारखं हगायला लागली, काही दगावली.

चूक आमचीच. या पावडरीत जीवनसत्त्वांबरोबर क्षारही असतात. आपल्या बारामती-इंदापूरच्या कालव्याच्या पट्ट्यात कित्येक बोअरचं पाणी आधीच खारट. त्यात उन्हाळ्यात कोंबडी पाणीही जास्त पिते. म्हणजे मीठ तिन्हीकडून वाढलं, आणि पिल्लांना जादा मीठ सोसत नाही.

आता आम्ही पुडीवरचं प्रमाण वाचतो. लिटरला एक ग्रॅम लिहिलं असेल, तर दहा लिटरला दहाच ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा तोलून घेतलं आणि एका झाकणावर खूण केली. पुडी बदलली की पुन्हा तोलतो. पाणी गोडं घेतो. तीन-चार तासांत संपेल एवढंच कालवतो, कारण क जीवनसत्त्व पाण्यात फार टिकत नाही. उरलं तर ओतून देतो, मग साधं गार पाणी ठेवतो. दोन पुड्या एकत्र करत नाही. पुडीत प्रतिजैविक असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडत नाही.

आणि बायांनो, कोंबडीला घाम येत नाही. म्हणून आधी पत्र्यावर उसाचं पाचट घाला, त्यावर पाणी मारा, शेडमध्ये वारा खेळू द्या. पावडर त्यानंतर.