काजव्यांना अंधार हवा



वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा हा डोंगराळ मुलूख. १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य येथेच आहे. मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात. एखादे झाड तर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच तालावर उजळते व विझते. ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईकडून लोकांची रीघ लागते. त्यामुळे गावकऱ्यांना चार पैसे मिळतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्यासाठी पाहुणे येतात त्याचाच त्यांच्या दिव्यांनी घात होत असेल, तर हा व्यवहार फार काळ टिकणारा नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाकडील भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे प्रकाश पडतो. उष्णता मात्र जवळजवळ निर्माण होत नाही. हा प्रकाश शोभेसाठी नसतो. नर त्याद्वारे मादीला साद घालतो व मादी त्याच भाषेत उत्तर देते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपाने ओलसर मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगाईंवर गुजराण करण्यात जातो. पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे येतात. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर पुढील वर्षीचे काजवे येणार कोठून?

‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार माणसाच्या दुर्दशेचा. मोटारीचा झोत अंगावर आल्यावर काजव्याची दशा त्याहून वाईट होते. त्याची खूण उजेडात बुडून जाते आणि मादीपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून ग्रामपंचायतींनी वाहनतळ झाडांपासून दूर, गावाच्या अलीकडेच ठेवावा व तेथून पुढे माणसे पायी न्यावीत. पावसाळ्याच्या तोंडावर सापा-विंचवाचे भय असते, तेव्हा वाटाड्याच्या हाती विजेरी हवीच. मात्र तिच्या काचेवर लाल कागद लावून प्रकाश पायांपुरता जमिनीवर ठेवावा. लाल उजेड काजव्यांना तुलनेने कमी जाणवतो. पायवाट सोडून गवतात शिरू नये, कारण माद्या पुष्कळदा गवतात बसलेल्या असतात आणि अंडी मातीत असतात. मुलांना काजवे बाटलीत भरण्याची हौस असते. शाळा सुटीत असल्या, तरी शिक्षकांनी हा विषय उन्हाळ्यापूर्वीच वर्गात काढावा. मोबाइलच्या झोतात छायाचित्र काढणाऱ्यांची तर गंमतच आहे: चित्रात फक्त पाने येतात, काजवे नाहीत.

सर्व दिवे मालवून झाडापासून काही अंतरावर स्वस्थ उभे राहिले, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. प्रथम एखादाच ठिपका दिसतो, मग शेजारची फांदी, आणि हळूहळू सारे झाड.