गाडी थांबते, आपण थांबत नाही
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



‘रोजच्या जगण्यातलं भौतिकशास्त्र’ असा विषय मला दिला आहे. तो नीट सांगायचा तर आरतीची वेळ टळून जाईल. म्हणून मी न्यूटनचा फक्त पहिला नियम घेऊन आलो आहे. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याने तो मांडला. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, आणि चालती वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालतच राहते, बाहेरून कुणी बळ लावेपर्यंत.

पहिला अर्धा भाग सगळ्यांना पटतो. दुसरा पटत नाही. बैल सोडले की गाडी उभी राहते, हा आपला रोजचा अनुभव. ॲरिस्टॉटलही असंच म्हणत होता, आणि जवळजवळ दोन हजार वर्षं विद्वानांनी त्याचंच ऐकलं. गॅलिलिओने ओळखलं की गाडी आपण होऊन थांबत नाही, तिला घर्षण थांबवतं. आपल्याकडे कॅरमच्या स्पर्धा होतात ना? पावडर टाकायच्या आधी स्ट्रायकर मारून बघा, आणि मग टाकून मारा. जोर तेवढाच, पण सोंगटी कुठल्या कुठे जाते. पावडर सोंगटीला पुढे ढकलत नाही, फक्त तिला अडवणारं घर्षण कमी करते. घर्षण अजिबात नसतं, तर सोंगटी समोरच्या कडेला आपटेपर्यंत त्याच वेगाने गेली असती.

वस्तूच्या या हट्टाला ‘जडत्व’ म्हणतात. आपल्या आज्या शब्द न शिकता ते वापरत आल्या. खराट्याच्या काड्या वर सरकल्या की त्याची मूठ जमिनीवर आपटायची. मूठ थांबते, काड्या खाली जात राहतात आणि सारख्या होतात. धुतलेलं लुगडं झटकलं की कापड मागे येतं आणि पाणी पुढे जातं.

आता गणपतीकडे येऊ. चतुर्थीला मूर्ती मांडीवर घेऊन आपण गाडीतून घरी येतो. ब्रेक लागला की मूर्ती पुढे का झुकते? तिला कुणी ढकललेलं नसतं. गाडी थांबली, मूर्ती आपली चालत राहिली. मंडळाच्या उंच मूर्तीचं तर वजन वर असतं, त्यामुळे धक्क्याने ती लवकर कलते. तिला नुसती पाटापाशी बांधून भागत नाही, खांद्याच्या उंचीवरही दोर हवा, तोसुद्धा पुढून आणि मागून. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात झांक्या निघतात, तेव्हा चालक किती हलक्या पायाने गाडी सोडतो आणि थांबवतो, ते जरूर पाहा.

मूर्तीची एवढी काळजी घेणारे आपण त्याच गाडीत नातवाला कसे बसवतो? आजीच्या मांडीवर. ‘माझ्या हातात आहे, पडू कसा देईन?’ मायेत कमी काहीच नाही, पण हिशोब ऐका. मूल दहा किलोचं, गाडी ताशी ५० किलोमीटरवर. ती कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकं बळ लागेल. आजीच काय, पहिलवानसुद्धा ते ऐन वेळी लावू शकणार नाही. आणि पट्टा नसेल तर आजीही स्वतः पुढे फेकली जाते, मूल तिच्या आणि पुढच्या आसनाच्या मध्ये सापडतं. मुलांसाठी वेगळी आसनं मिळतात. बारशाला चांदीचा वाळा देण्याऐवजी ते द्या, असं मी माझ्या नात्यात सांगत असतो. मला रुक्ष म्हणतात, म्हणू देत.

‘मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला?’ हेही नेहमी ऐकू येतं. मागचा माणूसही त्याच वेगाने चाललेला असतो. गाडी थांबली की त्याला कोण थांबवणार? पट्टा नसेल, तर पुढे बसलेल्याची पाठ.

वेगाची आणखी एक खोच आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. उंचीत सांगतो. ताशी ४० ची धडक म्हणजे सुमारे सहा मीटरवरून, दोन मजल्यांवरून पडणं. ताशी ८० ची म्हणजे पंचवीस मीटर, आठ मजले. आठव्या मजल्याच्या कठड्यावर आपण मुलाला उभं करत नाही, पण गाडीत पुढच्या दोन आसनांच्या मधल्या जागेत खुशाल उभं करतो.

जाता जाता घाटाबद्दल. इंदूरहून धामणोदकडे उतरताना पूर्वी गणपती घाट लागायचा. त्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले, हे तुम्ही पेपरात वाचलं आहे. ब्रेक वेगाची ऊर्जा नाहीशी करत नाहीत, घर्षणाने तिची उष्णता करतात. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरला, तर ब्रेकना जी उष्णता पचवावी लागते तिच्यावर सुमारे ९५ लिटर पाणी उकळेल. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. कॅरमवर आपण हौसेने घर्षण कमी करतो, घाटात ते असं आपल्या नकळत कमी होतं. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा, म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक गार राहतात.

आरतीला अजून दहा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, पहिला प्रश्न सतरंजीवरून येऊ द्या.