जुन्या मोटारसायकलची घरगुती निगा
(भाषणाचा मजकूर)



शाळा भरावयाची वेळ झालेली असावी आणि अंगणातील जुनी मोटारसायकल दहा-बारा किका मारूनही सुरू होऊ नये, हा प्रसंग खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नवा नाही. गॅरेज तालुक्याच्या गावी असते. गाडी टेम्पोत घालून तेथवर न्यावयाची म्हणजे भाडे गेले, दिवस गेला आणि वाडीवरची शाळा त्या दिवशी गुरुजींविना राहिली. दोष मात्र पुष्कळदा काजळी धरलेल्या प्लगएवढाच असतो.

1985 मध्ये हीरो होंडाची सीडी हंड्रेड बाजारात आली आणि कमी पेट्रोलवर धावणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकली गावोगाव पोहोचल्या. त्याआधीच्या राजदूत, येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्याही काही घरांत अद्याप सांभाळलेल्या दिसतात. एप्रिल 2020 पासून नव्या वाहनांना भारत टप्पा-6 ची मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. यापुढे कार्बोरेटरची नस ओळखणारे मिस्त्री कमीच होत जाणार. म्हणूनच वाहनधारकाने स्वतः थोडे ज्ञान मिळविणे अगत्याचे झाले आहे.

इंजिनास तीन गोष्टी लागतात : वेळेवर पडणारी ठिणगी, पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. दोष शोधावयाचा तो याच क्रमाने, आणि एका वेळी एकच बदल करून. अनेकजण प्रथम कार्बोरेटरचे स्क्रू फिरवितात. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात दुसऱ्याची भर पडते.

पेट्रोलचा कॉक व स्विच चालू असल्याची खात्री करून प्लग काढावा. त्याचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो. तांबूस-तपकिरी प्लग निरोगी समजावा. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक जाते किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. पांढराफटक प्लग पेट्रोल कमी पडून इंजिन तापत असल्याची खूण होय. चार-स्ट्रोक गाडीचा प्लग तेलकट असेल, तर रिंगा वा व्हॉल्व्ह झिजल्याचा संशय घ्यावा. प्लग पुसून, टोपीत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवावा व किक मारावी. ठिणगी निळसर व जोरदार हवी. ही चाचणी प्लगच्या छिद्रापासून दूर, उघड्या जागी करावी. जवळपास सांडलेले पेट्रोल किंवा पेटती विडी असता कामा नये. बहुतेक गाड्यांत प्लगच्या टोकांतील अंतर 0.6 ते 0.7 मिलिमीटर असते. ते फिलर गेजने तपासावे.

ठिणगी ठीक असेल, तर पेट्रोलकडे वळावे. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल सलग यावयास हवे. पावसाळ्यात तेथे पाणी साचलेले आढळते. गाडी काही अंतर चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते, असे झाल्यास झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले आहे असे समजावे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या गाडीचे रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून नळी कडक झाली वा चिरली असल्यास बदलावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

एवढे झाल्यावरच जुळणीस हात घालावा. गाडी सात-आठ किलोमीटर चालवून इंजिन गरम करावे. हवेचा स्क्रू अलगद पूर्ण आत बसवावा. आवळू नये, अन्यथा त्याची बैठक बिघडते. नंतर तो सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा. इंजिन सुरू करून तो थोडा मागेपुढे फिरवावा व इंजिन जेथे सर्वांत मोकळे चालेल तेथे ठेवावा. मग दुसऱ्या स्क्रूने वेग कमी करून इंजिन संथ, पण न अडखळता चालेल असे करावे.

या निगेचा संबंध केवळ खर्चाशी नाही. 31 मार्च 2000 पर्यंत तयार झालेल्या दुचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा, इंजिन संथ चालत असताना, 4.5 टक्के आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. बिघडलेली जुळणी पेट्रोल जाळते आणि गल्लीतील मुलांच्या श्वासात विषही सोडते.

घरच्या दुरुस्तीस मर्यादाही आहे. किक विनाअडथळा खाली जात असेल, इंजिनातून ठोके येत असतील किंवा ब्रेकविषयी शंका असेल, तर मिस्त्रीकडेच जावे. मात्र तेथे जाताना कोणती तपासणी झाली व काय आढळले हे वाहनधारकास सांगता आले, तर मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि निष्कारण इंजिन उघडले जात नाही. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांस बोलावून ग्रामपंचायतीने वा शाळेने पावसाळ्यापूर्वी एका सकाळी असे प्रात्यक्षिक घडवून आणणे अवघड नाही. प्लगपाना, फिलर गेज आणि थोडा धीर एवढेच साहित्य त्यास पुरेसे आहे. गुरुजींची गाडी वेळेवर सुरू झाली, तर वाडीवरच्या शाळेची घंटाही वेळेवर वाजेल.