दिवेलागणीचं शास्त्रवाचन



ग्रंथाचा मान कसा राखावा, हे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी याच नांदेडला, गोदावरीच्या काठी, ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. आजही देशोदेशीचे लोक तिथे माथा टेकायला येतात. आमच्या मुखेड तालुक्यात गावोगावी सप्ताह बसतो, तेव्हा ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारा माणूस सात दिवस खाण्यापिण्याचे, बोलण्याचालण्याचे नियम पाळतो. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी कुराण शरीफ रेहलवर ठेवूनच उघडलं जातं. या शेजारात आम्ही ख्रिस्ती कुटुंबं राहतो. आमच्याही घरात ग्रंथ आहे. त्याला आम्ही पवित्र शास्त्र म्हणतो. रोजच्या जगण्यात त्याचा मान आम्ही कसा राखतो आणि कसा राखायला हवा, याविषयी आज बोलायचं आहे.

जुन्या घरांत शास्त्राची प्रत ट्रंकेत नाहीतर कोनाड्यात, धुवट कापडात गुंडाळून ठेवलेली असते. तिची सुरुवातीची कोरी पानं एकदा बघावीत. घरातल्या लेकरांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, म्हाताऱ्यांचे मृत्यू, सगळं तिथे तारखेनिशी लिहिलेलं सापडतं. एक नोंद दौतीच्या शाईची, दुसरी शिसपेन्सिलीची, तिसरी नातवानं बॉलपेननं केलेली. आत स्तोत्रसंहितेची पानं मऊ पडलेली असतात आणि तेविसाव्या स्तोत्राचा कोपरा बोटांनी झिजलेला असतो, कारण मयताच्या घरी, दवाखान्यात, मुलगी सासरी निघताना तेच काढलं जातं. अशी झिजलेली प्रत पाहिली की मला त्या घराविषयी आदर वाटतो. कपाटात काचेआड ठेवलेली, कोऱ्या पानांची, सोनेरी कडांची प्रत पाहिली की मात्र काळजी वाटते. शास्त्र उघडलं जावं म्हणूनच घरात आलेलं असतं.

आणि ते मोठ्यानं वाचलं जावं, हे माझं आज मुख्य सांगणं आहे. एकट्यानं, मनातल्या मनात वाचणं चांगलंच. पण घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एकानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही रीत मोडता कामा नये. आमच्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणी इथे निजामाची राजवट होती. शाळेतली भाषा उर्दू, घरातली मराठी. मराठी धड वाचता येणारा माणूस सबंध वस्तीत एखादाच. संध्याकाळी शेतातून माणसं परतली, गुरं बांधली, चूल पेटली, की तो एकजण कंदील घेऊन ओसरीवर बसायचा. बाया पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्याच्या आत, पुरुष बाहेर बाजेवर, लेकरं खाली घोंगडीवर. एक अध्याय वाचायचा, एखादं भजन म्हणायचं, प्रभूची प्रार्थना व्हायची आणि मग भाकरी. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्या बायांना डोंगरावरचं प्रवचन तोंडपाठ होतं, ते या ऐकण्यातून.

शास्त्रातही हीच रीत दिसते. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून बघा. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. पुरुष आहेत, बाया आहेत, ज्यांना ऐकून समजेल अशी मुलंही आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहतो. तो ग्रंथ उघडतो आणि सगळे लोक उठून उभे राहतात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं. लेवी वंशाचे सेवक लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगतात. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की आज शोक करू नका, घरी जाऊन गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटा पाठवा. उपासना कशी असावी हे मला कुणी विचारलं तर मी हा अध्याय दाखवतो. उभं राहण्यातला आदर त्यात आहे, अर्थ समजून घेण्याची तळमळ आहे, डोळ्यांतलं पाणी आहे आणि शेवटी शेजाऱ्याच्या घरी पाठवलेलं ताटही आहे. यातलं शेवटचं गाळलं तर उपासना अर्धीच राहते.

प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाच्या राणीच्या खजिनदाराची गोष्ट आहे. तो रथात बसून यशयाचं पुस्तक मोठ्यानं वाचत चालला होता, म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या फिलिप्पाच्या कानावर ते पडलं. तो मनातल्या मनात वाचत असता तर त्यांचं बोलणं तिथून सुरू झालं नसतं.

आपल्या महाराष्ट्रात अशीच एक गोष्ट आगगाडीच्या डब्यात घडली. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. धर्माविषयी बोलणं निघालं. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचायचा आग्रह केला. टिळक संस्कृतचे व्यासंगी, स्वभावानं चिकित्सक. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायचं असं ठरवून ते बसले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून पुढे त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ओवी-अभंगांच्या वळणानं त्यांनी लिहिलेली भजनं आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ओठांवर आहेत. आमच्याकडे रविवारी पेटी आणि ढोलकीवर ती सुरू झाली की शेजारचा वारकरी म्हाताराही दारात येऊन उभा राहतो.

या घटनेतली पेन्सिल मला फार मोलाची वाटते. आदर म्हणजे डोळे मिटून मान डोलावणं असं काहीजण समजतात. टिळक शंका घेऊन, खुणा करत, जागेपणी वाचत होते. आपल्या तरुण मुलांनी शास्त्राविषयी अवघड प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्याही हातात पेन्सिल द्या.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकल्या त्या नवऱ्याकडून. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी, १९०० साली. ती पाच वर्षं, तो झगडा, जातीपातीची शिवाशिव मनातून गळून पडणं, हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे; मराठी वाचणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं, मग तो कोणत्याही धर्माचा असो. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलं होतं. १९१९ साली ते गेले आणि काव्य अपुरं राहिलं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ऐकून ऐकून मनात मुरलेलं शास्त्र त्या बाईच्या लेखणीतून ओवी होऊन उतरलं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी निराळी. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी. पण केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळात उघड्यावर पडलेल्या, टाकलेल्या मुली आणि विधवा त्यांच्यासमोर बसायच्या. या मुलींना ऐकताक्षणी समजेल असं शास्त्र हवं, म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. कित्येक वर्षं ते काम चाललं. खिळे जुळवायला, छापायला आश्रमातल्याच बाया. मधेच, १९२१ साली, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून बाहेर आलं. आमच्या घरातली एखादी सून दिवसभराच्या कामानं दमून, वाचायला वेळ नाही म्हणते, तेव्हा तिला दोष द्यायच्या आधी घरातल्या पुरुषांनी भांडी बाजूला सारावीत आणि तिला ऐकायला बसता येईल असं करावं. रमाबाईंनी एवढे कष्ट घेतले ते अशाच बायांसाठी.

याच्याही फार आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. रविवारी, सणावारी चर्चमधून ते वाचलं जाई. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं लोकभाषांवर बंदीचा हुकूम काढला, पण ओव्या काही मेल्या नाहीत. मंगळूरकडे ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितं जपली आणि त्यांच्या आधारानं १९०७ साली तिथे हे पुराण पुन्हा छापलं गेलं. घरात जपलं गेलं म्हणून ते टिकलं.

आपल्या मराठवाड्याचा वाटाही लहान नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे. एका ख्रिस्ती धर्मगुरूला आपल्या मातीत हा मान मिळाला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता आजच्या घराकडे येतो. दिवेलागणीची ती वेळ आता मोबाईलनं आणि टीव्हीनं घेतली आहे. मोबाईलला मी वाईट म्हणणार नाही. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोपीत अंधार, पहाटे उठून फडावर जायचं. तिथे जाड पुस्तक कुठे सांभाळायचं? ती माणसं मोबाईलवरून वचनं ऐकतात आणि त्या अंधारात ते फार मोठं धन असतं. पण त्याच मोबाईलवर सकाळी एक वचन आलं, अंगठ्यानं पुढे दहा जणांना पाठवलं आणि झालं आपलं शास्त्रवाचन, ही सवय मला बरी वाटत नाही. अध्याय सोडून एकेक वचन उचललं की माणूस स्वतःला गोड लागेल तेवढंच घेतो. सलग वाचणाऱ्याला नकोसं वाटणारंही ऐकावं लागतं.

एका घरातली हकिकत सांगतो. दोघे सख्खे भाऊ, शेत एकाला एक लागून, बांधावरून वैर. बोलणं बंद, जावाजावांचंही बंद. थोरल्याच्या घरी रोज संध्याकाळी मत्तयकृत शुभवर्तमान ओळीनं वाचलं जात होतं आणि वाचायची पाळी नातीची होती. पाचव्या अध्यायात तो भाग आला, की अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. पोरगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आबा, म्हणजे काकाआबांकडं जायचं का?” कुणी काही बोललं नाही. त्या रविवारी थोरल्यानं प्रभुभोजन घेतलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा, मला आधी एक काम आहे, एवढंच सांगितलं. भांडण लगेच मिटलं असं नाही. मोजणी झाली, खुणा रोवल्या, पुष्कळ बोलणी झाली, त्यात वर्ष गेलं. पण सुरुवात त्या संध्याकाळी झाली. ग्रंथापुढे माणूस खरोखर नमला म्हणजे काय, ते मी त्या थोरल्यात पाहिलं.

रविवारच्या उपासनेविषयीही दोन शब्द. चपला दाराशी काढतो, सतरंजीवर बसतो, शुभवर्तमान वाचताना उभे राहतो. ही रीत चांगली आहे, मुलांना ती लावावी. पण उभं राहून कान दुसरीकडे असतील तर उपयोग नाही. वाचणाऱ्यानं आदल्या दिवशी अध्याय दोनदा वाचून यावं, नावं अडखळू नयेत, शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्या मावशीपर्यंत शब्द पोचावा. मंडळीत वाचायला उभं राहणं ही मोठी जबाबदारी आहे आणि घाईघाईनं, मान खाली घालून उरकलेलं वाचन ऐकलं की मला वाईट वाटतं.

नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. रोज एक घेतला तर नऊ महिन्यांच्या आत सगळा नवा करार घरात ऐकून होतो. माझी सगळ्या ख्रिस्ती श्रोत्यांना विनंती आहे की आज रात्री जेवणाआधी टीव्ही बंद करा, घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. त्यात ४५ वचनं आहेत. सावकाश वाचलं तरी दहा मिनिटं पुरतात. घरातलं जे लेकरू नुकतं वाचायला शिकलं असेल, त्याच्याकडून निदान दोन ओळी वाचून घ्या. उद्या दुसरा अध्याय. मार्काचे एकूण सोळाच अध्याय आहेत.