बिनहातच्याचा गुणाकार



कागदावर नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. एकेक घर डावीकडे सरकवत नऊ ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकाने कमी होत जातात. कुठेही हातचा येत नाही. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या. ‘लीलावती’तील स्थाननामे लावली, तर तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

१, १२१, १२३२१ अशा वाढत जाणाऱ्या या कुळाला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचे ते जुने नाव, आजचे डोंबिवली.

आपली संख्या वर्ग आहे, हे उघडच. उलटी वाचली तरी तीच, म्हणून सममित. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. मूळ अवयव पाहिले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. त्यावरून एकूण विभाजक ४५. विभाजक विषम निघणे, हीही वर्गसंख्येचीच खूण.

पण ही बिरुदे एका जातीची नाहीत. वर्ग असणे हे त्या राशीचे अंगभूत लक्षण. तेवढे खडे ओतले, तर मोजणारा कोणत्याही देशीचा असो, त्यांचा चौरस मांडता येईलच. सममिती आणि हर्षदपण मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसते. बाराच्या पटीत लिहिले तर अंक बदलतील, त्यांची बेरीजही बदलेल.

आता एक एक वाढवा. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या रकान्यात दहा होतात आणि हातचा येतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. अंकांची बेरीज ८२; विषम संख्येला सम संख्येने भाग जात नाही, म्हणून हर्षदपणही गेले. वर्ग तेवढा राहिला.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो. नातवंडे शाळेत ‘कॅरी’ म्हणतात आणि त्यांचे उत्तर चुकत नाही. राशीला भाषेने फरक पडत नाही. तरी या राशीची नक्षी जशी दहाच्या लेखनात उमटते, तसे काही मराठीतच दिसते. ‘हातचा’ म्हटले की पुढच्या घरासाठी मुठीत राखलेला एक डोळ्यांपुढे येतो.

आज रात्री नातवंडांबरोबर त्या नऊ ओळी मांडा. प्रत्येक रकान्याला मोठ्याने म्हणा, ‘हातचा नाही’. मग दहावा एक जोडा, आणि हातचा कुठे आला ते त्यांनाच सांगू द्या.