पुस्तक मिटा आणि सांगा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे एकच प्रकार चालला आहे. समोरून कुणीतरी येतं, चेहरा लगेच ओळखू येतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. "का बे, ओळखलं का?" असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. "मग नाव सांग बघू" म्हटलं की पंचाईत होते. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. संयोजकांनी मला अभ्यासाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे आणि या फरकातच माझा सगळा विषय आला.

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीतली एखादी कष्टाळू मुलगी धडा पाच-सहा वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळींवर पिवळं मार्कर फिरवते. सहाव्या वाचनाला प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं, म्हणून तिला वाटतं की धडा आला. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं. तिथे कोऱ्या पानावर आठवून लिहायचं असतं, आणि नेमकं तेच काम तिने घरी एकदाही केलेलं नसतं. मग ती म्हणते, "बाई, सगळं येत होतं हो, पेपरात आठवलंच नाही." ती खोटं बोलत नसते. तिने सराव ओळखण्याचा केला आणि परीक्षा आठवण्याची झाली.

उपाय एका ओळीचा आहे. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं किंवा लिहायचं. याला हल्ली 'ॲक्टिव्ह रिकॉल' म्हणतात. आपल्या गुरुजनांनी हे नाव वापरलं नाही, पण काम तेच करून घेतलं. तास सुरू झाला की पहिला प्रश्न असायचा, "काल काय झालं?" मग कुणाच्या तरी हातात खडू यायचा. पाढे सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, त्यात न येणाराही खपून जायचा. पण सर मध्येच बोट दाखवून विचारायचे, "सतरा साते?" खरा पाढा त्या क्षणी पक्का व्हायचा.

याहून जुनं उदाहरण आपल्या आज्यांचं आहे. जात्यावरच्या ओव्या त्यांनी पुस्तकातून पाठ केल्या नव्हत्या. पुष्कळजणींना अक्षरओळखच नव्हती. पहाटे दळताना आईची, सासूची ओवी कानावर पडायची आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या तोंडून काढावी लागायची. रोजचं दळण म्हणजे रोजची उजळणी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आपल्या पंढरपूरचा विठोबा त्यात जागोजागी भेटतो.

आता प्रयोगाचा पुरावा. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रं फक्त वाचला. दुसऱ्या गटाने पहिलं सत्र वाचन केलं आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता आणि लिहिणाऱ्यांनी तीन-चार वेळाच. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. हा भरवसाच मुलांना फसवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सकाळी आठवतं, म्हणून ती पद्धत बरोबर वाटते; पुढच्या इयत्तेत गेल्यावर पाया रिकामा सापडतो.

चादरीची नक्षी कितीही वेळा निरखली तरी विणता येत नाही, त्यासाठी मागावर बसावं लागतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. तसंच हे.

घरी नातवंडांना, पुतण्यांना सांगता येईल अशी रीत सांगते. धड्याचा एक भाग समजून वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं डोक्याला ताण द्या. मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल पेनने लिहा. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असाच पुन्हा आठवा. गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवा. आणि 'काय' बरोबर 'का' हाही प्रश्न विचारा, नाहीतर ही नुसती घोकंपट्टी होईल. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या आली, पण झाड अंधारात ठेवलं तर काय होईल हे सांगता आलं नाही, तर धडा अजून अर्धाच आला आहे.

गुरुजनांची क्षमा मागून एक गोष्ट बोलते. त्या काळी प्रश्नाबरोबर छडीही असायची आणि आपल्यातले काहीजण 'छडी होती म्हणून शिकलो' असं आजही म्हणतात. मला ते पटत नाही. कामाचा होता तो प्रश्न. छडीच्या भीतीने मागच्या बाकावरची मुलं उत्तर येत असूनही गप्प बसायची. चुकलं तरी चालेल, पण आठवून बघ, एवढं मुलाला कळलं की पुरे.

हे सगळं आज इथे सांगण्याचं कारण आहे. आपल्या शाळेत आजही अनेक मुलं अशा घरांतून येतात जिथे आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि अभ्यासाला वेगळी खोली नसते. आपल्यातलेही कितीजण अशाच घरांतून आले. शिकवणीची फी त्या घरांना झेपत नाही. पण या पद्धतीला लागतो पाठकोरा कागद आणि ऐकणारं माणूस. आईला मराठी वाचता येत नसलं तरी ती विड्या वळता वळता विचारू शकते, "आज काय शिकलास?" मुलाने तिला तेलुगूत सांगावं. पुस्तकातलं मराठी वाक्य घरच्या भाषेत सांगायचं तर ते आधी समजावं लागतं, म्हणून अशी उजळणी सर्वांत पक्की होते.

आणि जिथे विचारणारं कुणी नाही, तिथे आपण आहोत. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास दहावीच्या मुलांजवळ बसायचं. शिकवायचं नाही. पुस्तक आपल्या हातात राहील. मूल आठवून सांगेल, आपण ऐकायचं, राहिलेलं दाखवायचं, पुढच्या शनिवारी तेच पुन्हा विचारायचं. त्यासाठी विषय येण्याची अट नाही, नियमित येण्याची आहे. पाच मुलांमागे एकजण हवा. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. सोलापुरात राहणाऱ्यांनी जेवायला जाण्याआधी त्यात आपलं नाव लिहावं, एवढीच विनंती.