संगणकाची रोजकीर्द

घोडपदेवच्या न्यू हिंद गिरणीच्या आवारांत आतां गिरणी कामगारांसाठीं बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. अशा इमारतींत घर मागावयाचें तर १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर आपलें नांव गिरणीच्या पटावर होतें, हें कामगारास दाखवावें लागे. कोणी हजेरीचें तिकीट जपून ठेविलें होतें. कोणाची भिस्त प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर होती. २०१२ सालीं म्हाडानें गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हां जन्मभर मागावर राबलेल्या माणसाचें दैव दप्तरांतील अशा एका ओळीवर येऊन ठेपलें होतें.

असलीं दप्तरें आतां वहींत कमी आणि डेटाबेस सर्व्हरच्या पोटांत अधिक राहतात. कचेरींतील कारकुनास पडद्यावर रेखीव रकाने दिसतात. सर्व्हर राखणाराचें काम मात्र काळ्या पडद्यावर, टंकलेल्या आज्ञांनीं चालतें. या पडद्यास कमांड लाइन म्हणतात. दिलेली आज्ञा ती निमूटपणें पाळते, "खरोखरच करूं काय?" असें सहसा विचारीत नाहीं.

बर्कले विद्यापीठांत १९८६ सालीं पाया घातला गेलेला पोस्टग्रेस उदाहरणादाखल घ्यावा. हा सर्व्हर म्हणजे एक पेढीच होय. दाराशीं मुख्य कारभारी; येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास तो स्वतंत्र कारकून नेमून देतो. आंत कोणी रोजकीर्द लिहितो, कोणी सवडीनें खतावणी करतो, कोणी केर काढतो. ही पेढी बंद करण्याच्या आज्ञा तीन आहेत. 'स्मार्ट' म्हटल्यास आंतलीं गिऱ्हाइकें आपण होऊन जाईपर्यंत ती थांबते. 'फास्ट' म्हटल्यास अर्धवट व्यवहार रद्द करून, सर्वांस निरोप देऊन वह्या मिटते. 'इमिजिएट' म्हणजे दिवा मालवून चालतें होणें! मग दुसऱ्या दिवशीं रोजकीर्द वाचून खतावणी जुळवावी लागते.

ती जुळते, कारण प्रत्येक फेरफार आधीं रोजकीर्दींत आणि मागाहून खतावणींत चढतो. या रोजकीर्दीच्या कप्प्याचें नांव पूर्वीं 'पीजी-एक्सलॉग' असें होतें, आणि त्या नांवानेंच घात केला. डिस्क भरली कीं घाईंतला राखणदार 'लॉग' म्हणजे रद्दी समजून तो कप्पा एका आज्ञेनें पुसून टाकी, आणि सर्व्हर पुन्हां उठत नसे. अखेर २०१७ सालीं, दहाव्या आवृत्तींत, कर्त्यांनीं त्याचें नांव 'पीजी-वॉल' असें केलें. अनुभवानें आलेलें असें शहाणपण यंत्रशास्त्रांत विरळाच आढळतें.

डिस्क आजहि भरते. तेव्हां रोजकीर्दीस हात न लावतां, तिचीं पानें कोणासाठीं अडून राहिलीं आहेत हें प्रथम पाहावें. बहुधा दुसरीकडे नक्कल पाठविण्याचें काम अडलेलें असतें, किंवा कधींच बंद पडलेल्या एखाद्या दुय्यम सर्व्हरसाठीं पानें राखून ठेविलेलीं असतात. ती अडचण दूर झाली कीं नको असलेलीं पानें सर्व्हर आपणच काढून टाकतो.